जनरलसाहेब नेते आणि सल्लागार म्हणून कितपत भरवशाचे?

हरणटोळ (धागाकर्ता)
निवडणूक जवळ आली की ‘एकदा एखाद्या जनरलच्या हाती देश देऊन बघा’ हे वाक्य कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं. रोज रात्री टीव्हीवर निवृत्त अधिकारी परराष्ट्र धोरण समजावून सांगत असतात ते आणखी वेगळं. म्हणून हा धागा.

यात दोन प्रश्नांची कायम सरमिसळ होते. सेनाधिकारी निवडून आलेला नेता म्हणून कसा, हा एक. सल्लागार म्हणून त्याच्या शब्दावर किती विसंबायचं, हा दुसरा. पहिल्यासाठी आपल्याकडे उदाहरणं फार कमी. राष्ट्रपती, पंतप्रधान, संरक्षणमंत्री यांपैकी एकाही पदावर आजवर जनरल बसलेला नाही (जसवंत सिंह मेजर होते). राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं पद १९९८ साली निघालं. ब्रजेश मिश्र, दीक्षित, नारायणन, शिवशंकर मेनन, डोभाल, म्हणजे तिघे परराष्ट्र सेवेतले आणि दोघे पोलीस सेवेतले. मुख्यमंत्री झालेले मेजर जनरल एकच, उत्तराखंडचे भुवनचंद्र खंडुरी. मिझोरामचे टी. सैलो ब्रिगेडियर होते. करिअप्पा १९७१ साली मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले.

माझा दावा मांडतो, झोडा: माणूस किती सचोटीचा आहे हे मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आधी बघायचं ते हे की त्याने दिलेला आकडा तपासणारं दुसरं कुणी आहे का, आणि चुकला तर त्याला घरी पाठवता येतं का.

रोजकीर्द
सल्लागाराच्या बाबतीत तुमचं म्हणणं पटतं, आणि त्याला १९६५ पेक्षा चांगलं उदाहरण नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात युद्धबंदीसाठी दबाव होता. लढाई अजून काही दिवस लांबवली तर ठोस विजय मिळेल का, असं शास्त्रीजींनी लष्करप्रमुख जे. एन. चौधरींना विचारलं. उत्तर आलं की आघाडीचा बराचसा दारूगोळा संपलाय आणि रणगाड्यांचंही बरंच नुकसान झालंय. युद्धबंदी मान्य झाली. नंतर हिशेब लागला तेव्हा कळलं की आघाडीच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच खर्ची पडला होता. आपल्या रणगाड्यांची संख्याही पाकिस्तानच्या सुमारे दुप्पट होती.

चौधरी खोटं बोलले असं कुणी म्हणत नाही. अशी चूक होते कशी ते बघा. लढाई चालू असताना प्रत्येक पलटण मागणी फुगवूनच कळवते, कारण मागितलं त्यापेक्षा कमी मिळणार हे तिला ठाऊक असतं. डेपोतून निघालेला माल कागदावर ‘दिला’ होतो, प्रत्यक्षात तो अजून रेल्वेच्या डब्यात किंवा ट्रकवर असतो. वर जाणारा प्रत्येक अधिकारी थोडी सावधगिरी म्हणून आकडा अजून खाली ओढतो. चार पायऱ्या चढेपर्यंत भरलेलं कोठार रिकामं दिसायला लागतं. यावर इलाज एकच, पुलगावसारख्या केंद्रीय दारूगोळा डेपोचा शिल्लक तक्ता थेट मागवायचा आणि मागणीच्या तक्त्याशी ताडायचा. त्या दिवशी तो कुणी मागवला नाही. पंतप्रधानांनी लष्करप्रमुखाला विचारलं, लष्करप्रमुखाने सांगितलं, विषय संपला.

आज निदान दुसरा डोळा आहे. महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याचे १५२ प्रकार तपासले. युद्धासाठीचा राखीव साठा ४० दिवस पुरायला हवा. ६१ प्रकार १० दिवसांच्याही खाली निघाले. हे सेनेने आपणहून सांगितलं नसतं.

गोदावरीचा_गाळ
तेच चौधरी १९४८ मध्ये हैदराबादचे लष्करी राज्यपाल होते, हे मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको. पोलीस कारवाई १७ सप्टेंबरला संपली आणि १९४९ अखेरपर्यंत कारभार त्यांच्याकडे होता. त्या वर्षभरात जहागिरी नष्ट करणारा कायदा निघाला (ऑगस्ट १९४९). एवढा मोठा जमीन-बदल एखाद्या विधानसभेने इतक्या झटपट केला असता का, शंका आहे.

पण ते ‘लष्करी राजवट’ म्हणून चाललं नाही. मुख्य नागरी प्रशासक डी. एस. बखले हे आयसीएस अधिकारी, जिल्ह्यांत बाहेरून आणलेले मुलकी अधिकारी, आणि वर दिल्लीत सरदार पटेलांचं खातं. चौधरींच्या सहीला वजन होतं, मसुदा मात्र मुलकी हातांनी लिहिलेला. मुदतही ठरलेली: १९५० उजाडताना वेल्लोडी मुख्यमंत्री झाले, तेही आयसीएस.

त्याच काळाची काळी बाजूही सांगायला हवी. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सुंदरलाल समितीने त्या नोंदवल्या आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. राजधानीत शिस्त होती म्हणजे तालुक्यात होती असं नाही. फौज रस्ता आणि पूल धरते. गावात काय चाललंय हे पाटील, तलाठी आणि फौजदार यांच्याकडून कळतं, आणि नेमकी तीच यंत्रणा त्या महिन्यांत मोडलेली होती.

हरणटोळ
हे छान झालं. माणूस तोच. एका ठिकाणी बरा कारभार, दुसऱ्या ठिकाणी चुकीचा सल्ला. माझ्या मुद्द्याला याहून चांगली साथ मिळाली नसती :)

वाघनख
कशाला एवढा काथ्याकूट? पाकिस्तानकडे बघा आणि धागा बंद करा. अयुब १९५८, याह्या १९६९, झिया १९७७, मुशर्रफ १९९९. झियांनी ९० दिवसांत निवडणुका देतो म्हटलं होतं, झाल्या १९८५ साली, त्याही पक्षांविना.

लोहितकाठ
वाघनख, ते बंड करून आलेले. इथे प्रश्न कायदेशीर मार्गाने आलेल्यांचा आहे. सत्ता बळकावणारा भरवशाचा नसतो यावर कुणाचं दुमत असणार?

मला वाटतं आपल्याला शिकण्यासारखं सगळं १९५९ ते ६२ मध्ये आहे. त्यात एक आपला माणूसही आहे, कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. ते पूर्व विभागाचे प्रमुख होते, मुख्यालय लखनौ. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली. ८ ऑक्टोबरला थोरातांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) बचावाचा आराखडा सेना मुख्यालयाला पाठवला. सूत्र असं: मॅकमहोन रेषेवरची ठाणी हलकी ठेवायची, त्यांचं काम फक्त खबर देण्याचं. खरी लढाई मागे, जिथपर्यंत आपला रस्ता पोहोचतो आणि शत्रूची रसद ताणली जाते अशा जागी द्यायची. त्यासाठी किती सैन्य, किती तोफा, कुठले रस्ते लागतील ते लेखी. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन तो आराखडा तपासलाही. लष्करप्रमुख थिमय्यांनी तो संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे नेला. मेनन यांनी झटकून टाकला.

पुढे थिमय्यांनी वारस म्हणून थोरातांचं नाव सुचवलं. १९६१ च्या मे महिन्यात प्रमुख झाले थापर, आणि जनरल स्टाफचे मुख्य झाले बी. एम. कौल. कौल हुशार, कामसू, पंतप्रधानांच्या घरात ऊठबस असलेले; पण लढाईत पायदळाची पलटण कधी चालवलेली नाही.

आता बारकाईने बघण्यासारखी एक गोष्ट. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत नेहरूंनी पुढे ठाणी टाकण्याचं धोरण ठरवलं. त्या निर्देशात एक अट होती: ठाण्यांच्या मागे, रसद पोचवता येईल अशा जागी मोठं सैन्य जमवायचं. ५ डिसेंबरला सेना मुख्यालयाने विभागांना जो हुकूम काढला, त्यात ही अटच गायब! ठाणी टाका एवढं उरलं, पाठबळाचं कलम गेलं. म्हणजे राजकीय नेतृत्वाने लिहिलेली सावधगिरी गणवेशातल्या लोकांनी गाळली. ‘नेत्यांनी सेनेचं ऐकलं नाही’ हे जे आपण पाठ केलंय, ते अर्धंच खरं. नेत्यांनी सेनेतल्या सोयीच्या माणसाचं ऐकलं.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. ४ ऑक्टोबर १९६२ ला चौथी कोअर उभी करून कौल यांनाच तिचं प्रमुख केलं. ७ ब्रिगेड नामका चू ओढ्याच्या काठावर सुती गणवेशात, काही तुकड्यांकडे माणशी जेमतेम ५० गोळ्या. १८ तारखेला कौल आजारी पडून दिल्लीला आले आणि अंथरुणावरून कोअर चालवू लागले. २० ला हल्ला झाला.

सल्लागार निवडताना यातून मी एकच खूण घेतो. ज्याने कधीतरी लेखी ‘नाही’ म्हटलंय, किंमत घालून आणि पर्याय देऊन, त्याचं ‘हो’ घेण्याजोगं. थोरातांचा कागद असा होता.

कराडकर
+१. यात यशवंतराव राहिले. २१ नोव्हेंबर १९६२ ला ते संरक्षणमंत्री झाले तेव्हा सेना खचलेली आणि मंत्रालयावर चिडलेली. त्यांनी काय केलं? रोज सकाळी तिन्ही दलप्रमुख आणि सचिव एका टेबलाशी बसवले. दिसायला साधी गोष्ट, पण लष्करप्रमुख जे बोलतो ते हवाईदल प्रमुखासमोर आणि सचिवासमोर बोलावं लागलं की भाषा आपोआप नेमकी होते. मेनन यांच्या काळात मंत्री प्रमुखाला वगळून खालच्या अधिकाऱ्याशी बोलायचे, तो रस्ता बंद झाला. १ सप्टेंबर १९६५ ला छांबवर दाब आला. चौधरी आणि अर्जन सिंग दोघे चव्हाणांकडे गेले, काही मिनिटांत परवानगी मिळाली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. गणवेश न घातलेला मंत्री आणि बाजू मांडणारे दोन प्रमुख, ही घडी बसलेली होती म्हणून ते जमलं.

रोजकीर्द
कराडकर, हे खरं. मग त्याच महिन्यात दारूगोळ्याच्या आकड्याला ती बैठक का पुरली नाही? कारण टेबलाशी बसलेल्यांपैकी दुसऱ्या कुणाकडे तो आकडा नव्हताच. बैठक भरवणं वेगळं आणि बैठकीत दुसरा स्रोत असणं वेगळं.

मनमौजी_पाटील
पानिपतावर सदाशिवरावभाऊंना मल्हाररावांनी जो गनिमी काव्याचा सल्ला दिला होता तो...

हरणटोळ
पाटील, हात जोडतो. पानिपताचा धागा आहे वेगळा, तिथे या ;)

बुरांश
खंडुरींबद्दल लिहितो, कारण भारतीय मतदाराने जनरलला कारभारी करून बघितल्याचा खरा प्रयोग तोच. माणूस इंजिनिअर्स कोअरचा. वाजपेयींच्या सरकारात रस्ते खातं त्यांच्याकडे होतं आणि सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर त्यांची छाप होती यावर विरोधकही फारसं भांडत नाहीत. ते खातं अशा माणसाला मानवतं. रस्त्याला लांबी असते, मुदत असते, कंत्राटदार एक असतो, किलोमीटर मोजता येतात.

मुख्यमंत्रीपद २००७ ला मिळालं. दोन वर्षांत पक्षाचे आमदार नाराज. भेट मिळत नाही, बदल्यांच्या चिठ्ठ्या परत येतात, सचिवालयातून सगळं चालतं अशा तक्रारी. २००९ ला लोकसभेच्या पाचही जागा गेल्या आणि त्यांना हटवलं. सप्टेंबर २०११ ला परत आणलं, त्यांनी कडक लोकायुक्त विधेयक आणलं, ‘खंडुरी है जरूरी’ ही घोषणा गाजली. २०१२ च्या निकालात काँग्रेस ३२, भाजप ३१, आणि स्वतः खंडुरी कोटद्वारमधून पडले. एका जागेने राज्य गेलं, ती जागा त्यांचीच म्हणा हवं तर.

का पडले? मतदारसंघ ही बटालियन नव्हे. बटालियनमध्ये नाराज माणूसही हुकूम पाळतो. पक्षात नाराज माणूस मतदानाच्या दिवशी घरी बसतो किंवा उलट काम करतो, आणि त्याचा पुरावाही मागे राहत नाही. चिठ्ठी नाकारणं योग्यच होतं, पण नाकारलेल्या माणसाला दुसरं काहीतरी द्यावं लागतं, निदान अर्धा तास वेळ. हे फौजेत शिकवत नाहीत.

त्यांच्याच बाबतीत दुसरी बाजू. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष म्हणून मार्च २०१८ मध्ये त्यांनी जो अहवाल मांडला त्यात सेनेची ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याची उपप्रमुखांची साक्ष छापली. सरकार त्यांच्याच पक्षाचं. सप्टेंबरमध्ये अध्यक्षपद गेलं. सल्ला आणि देखरेख यासाठी हा माणूस उत्तम, राज्य चालवण्यासाठी अर्धवट जमलेला. ‘भरवशाचा’ हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने वापरता येत नाही.

पाचूबेट
बुरांश यांचा रस्त्यांचा मुद्दा ब्राझीलला उलटला. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, आरोग्य खातं जनरल पाझुएलो यांच्याकडे आलं, तेही सेवेत असताना. ख्याती रसद-तज्ज्ञ अशी. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ४ कोटी ६० लाख लशींची खरेदी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंनी ती उडवून लावली. जनरलसाहेब त्यांच्या शेजारी बसून कॅमेऱ्यासमोर म्हणाले, एक हुकूम देतो, दुसरा पाळतो. जानेवारी २०२१ मध्ये मनाऊसच्या इस्पितळांत ऑक्सिजन संपला. मार्चमध्ये मंत्रिपद गेलं.

फौजेची रसद स्वतःच्या डेपोतून, स्वतःच्या गाड्यांतून येते. ऑक्सिजन खासगी कारखान्यातून येतो, इस्पितळ राज्याचं, विमान केंद्राचं, आणि नदीने पोचायला दिवस लागतात. तिथे हुकमापेक्षा सहा वेगवेगळ्या मालकांशी रोज फोनवर भांडावं लागतं. आणि मंत्र्याने ज्या क्षणी राजीनामा पुढे करायचा, त्या क्षणी वर्दीची सवय आड आली.

तिसरी_घंटा
सवय सुटायला वेळ लागतो म्हणूनच काही देशांनी मुदत घातली आहे. अमेरिकेच्या १९४७ च्या कायद्याने निवृत्तीनंतर १० वर्षं संरक्षणमंत्री होता येत नसे, २००८ मध्ये ती ७ केली, जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी नंतर पुन्हा १०. सूट द्यायची तर संसदेने खास कायदा करायचा. आजवर तिघांना मिळाली: १९५० ला मार्शल, २०१७ ला मॅटिस, २०२१ ला ऑस्टिन. मार्शल यांच्या वेळी हे पुन्हा होऊ नये अशी पुस्तीही कायद्यातच जोडली होती, तरी पुढे दोनदा झालं. इस्राएलमध्ये मोफाझ जुलै २००२ ला सेनाप्रमुखपदावरून उतरले आणि नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले. २००७ पासून वरिष्ठ अधिकाऱ्यांना निवडणुकीआधी ३ वर्षं थांबावं लागतं.

जनरल नेता झाल्याचा खरा फायदा कुठे होतो तेही लिहितो. १९५४, व्हिएतनाममधलं दिएन बिएन फू. फ्रेंच अडकलेले. अमेरिकेच्या संयुक्त प्रमुखांचे अध्यक्ष ॲडमिरल रॅडफर्ड म्हणत होते बॉम्बहल्ले करू. लष्करप्रमुख रिजवे यांनी अधिकारी पाठवून इंडोचीनची बंदरं, रस्ते, रोगराई बघून घेतली आणि सांगितलं की विमानांनी भागणार नाही, जिंकायचं तर ७ डिव्हिजन लागतील, चीन उतरला तर त्याहून जास्त. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर. बंदरात जहाज रिकामं करायला किती दिवस लागतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते गेले नाहीत. दोन गणवेशांत मतभेद असताना कुठला कागद पोकळ आहे हे ओळखणं, ही जनरलची नेता म्हणून सर्वांत मोलाची कमाई.

वाघनख
बरं, मग टीव्हीवरच्या साहेबांचं काय? त्यांचं ऐकायचं की नाही?

रोजकीर्द
ऐकायचं, पण कान कुठे टवकारायचे ते ठरवून. आधी हुद्दा सोडून शेवटची तीन पदं बघा. तोफखान्यात हयात गेलेला माणूस तोफेबद्दल बोलतोय की बीजिंगच्या राजकारणाबद्दल? पहिल्यात तो तज्ज्ञ, दुसऱ्यात तो तुमच्या-माझ्यासारखा वर्तमानपत्र वाचणारा. मग निवृत्तीचं वर्ष. आठ-दहा वर्षांपूर्वी घरी गेलेल्याकडे आजची गुप्त माहिती नसते. असल्यासारखं बोलत असेल तर एक तर तो फुगवतोय नाहीतर कुणीतरी त्याला पढवलंय. निवृत्तीनंतर शस्त्रं विकणाऱ्या एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर आहे का, हे कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडतं, दहा मिनिटांचं काम.

सगळ्यात महत्त्वाचं, तो वेळ आणि संख्या देतो का. ‘चोख उत्तर देऊ’ हा सल्ला नव्हे. ‘इतक्या ब्रिगेड, इतके दिवस, खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत, आणि त्यासाठी अमुक सीमेवरून सैन्य काढावं लागेल’ हा सल्ला. शेवटचं कलम जो सांगत नाही त्याचा हिशेब अर्धा.

गोदावरीचा_गाळ
उमेदवार म्हणून उभे राहणाऱ्यांसाठी एक भर: प्रचारात सैनिकांचे, कारवाईचे फोटो वापरतात का बघा. निवडणूक आयोगाची त्याला मनाई आहे. सेवेत असताना तर लष्करी नियमावलीचा २० वा नियम राजकीय सभेला जाऊही देत नाही, मूलभूत हक्क त्यापुरते आखडण्याची तरतूद घटनेच्या ३३ व्या कलमात आहे. निवृत्त झाल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी उमेदवारी भरली तरी अडवणारा कायदा नाही. जनरल व्ही. के. सिंह ३१ मे २०१२ ला निवृत्त झाले, १ मार्च २०१४ ला पक्षात आले. सगळं नियमात.

तिसरी_घंटा
आणि म्हणूनच लष्करप्रमुखाच्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक वक्तव्याकडे लोक संशयाने बघतात, बिचारा सरळ बोलला असला तरी. मुदत घातली तर त्याचंच भलं.

लोहितकाठ
संरक्षण दल प्रमुखाला मुदत आहे की. डिसेंबर २०१९ मध्ये पद निर्माण करताना अट घातली: पद सोडल्यावर कुठलंही सरकारी पद घेता येणार नाही, आणि ५ वर्षं पूर्वपरवानगीशिवाय खासगी नोकरी नाही. तिन्ही दलांच्या प्रमुखांना मात्र सरकारी पदाबाबत अशी अट नाही.

कराडकर
मग निवृत्त संरक्षण दल प्रमुख राज्यपाल होऊ शकतो का? जेकब गोव्याला आणि पंजाबला होते, एस. के. सिन्हा आसाम आणि काश्मीरला. निवृत्त जनरलांची नेहमीची वाट तीच.

गोदावरीचा_गाळ
शब्दावर अडेल. हरगोविंद पंत विरुद्ध रघुकुल तिलक या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की राज्यपालपद ही भारत सरकारच्या हाताखालची नोकरी नव्हे. २०१९ च्या अटीत शब्द ‘नोकरी’ नाही, ‘सरकारी पद’ आहे. आणि खासदारकी तर दोन्हींत बसत नाही, त्यामुळे निवडणुकीला ती अट लागूच होत नाही. कुणी आव्हान दिलं तरच उलगडा होईल.